चौथ्या पोटातले किडे

अक्का, तुला मातीआड करून आज बारा दिवस झाले, आन् मला अजून तुझ्या हातांची शिसारी येते. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढचं लिहायला सोपं जाईल. बारा दिवस झाले, दुबलगुंडीतलं जे माणूस तुझ्या ओसरीवर येऊन टेकायलंय ते म्हणायलंय, "लई मायाळू बाई होती." मी मुंडी हलवते. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तू माया करताना येतच न्हाईस. येतेस ती मेल्या मेंढराच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उकिडवी बसलेली, पदराचं टोक दातात, आन् मला हाका मारायलीस, "ये गं मास्तरीण, बघ तरी. असं तुझ्या कल्याणीला बघाय भेटायचं न्हाई."

भेटू बी नये.

आपण दोघी एकाच मेंढपाळाच्या लेकी. तुला दुबलगुंडीला दिली ती साठ मेंढरांच्या घरात, मला कल्याणीला दिली ती एका मास्तराच्या घरात. आमच्याकडं मेंढराचं म्हणून काही असेल तर खाटेवरचं घोंगडं, तेबी धुऊन वाळवलेलं. ह्यांनी मला अक्षरं शिकवली, सासूनं सोवळं शिकवलं, आन् माझं नाक जे वर गेलं ते कधी खाली आलंच न्हाई, असं तू चारचौघात सांगायचीस. दाजी लवकर गेले. पदरी लेकरू न्हाई. आप्पा तुला न्यायला आले तर तू म्हणालीस, "मेंढरं कुणाच्या गळ्यात घालू? दिरांच्या? ते दसऱ्यापर्यंत कापून खातील." आन् दाजींची काठी घेऊन कळपामागं निघालीस. बाई कळप हाकायलीय म्हणून गाव हसलं. हसणाऱ्यांच्याच शेतात तू मेंढरं बसवलीस. कळपानं शेतात मुक्काम करायचा, लेंडी-मुताचं खत शेतकऱ्याला, बदल्यात ज्वारी आपल्याला, ही आपली आप्पापासूनची रीत. चार वर्षांत तेच लोक तुझा कळप मिळावा म्हणून थांबाय लागले.

मग ती बिमारी आली. भर पावसाळ्यात, चारा गुडघ्याएवढा असताना मेंढरं झुरायला लागली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी तर आतून चुन्यागत पांढरी. दिवसभर चरून घरी आली की जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायची, सकाळपर्यंत उतरायची. गावात रीत अशी की ती थैली बाभळीच्या काट्यानं टोचायची, पाणी काढायचं, वरून बिब्बा लावायचा आन् मरीआईला नारळ फोडायचा. टोचलेली बी मरायची, न टोचलेली बी मरायची. तू टोचली न्हाईस. म्हणालीस, "पाणी गळ्यात दिसायलंय, पण घाण पोटात असणार." आन् जे पहिलं मेंढरू मेलं ते फाडलंस.

मी नेमकी पंचमीला आले होते. मेंढराच्या पोटाला चार कप्पे असतात, हे आपल्या घरी जन्मून, वजडी खाऊन बी मला ठाऊक नव्हतं. पहिले तीन तू बाजूला सारलेस. चौथा सुरीनं उभा चिरलास, पालथा केलास आन् कोमट पाण्याच्या मडक्यात झटकलास. पाणी हललं. मला वाटलं तुझ्या हातानं हललं. तू हात काढून घेतलास तरी ते हलतच होतं.

केसाएवढे बारीक, बोटाच्या पेराएवढे लांब, हजारांनी. एकमेकांत गुंतायचे, सुटायचे, परत गुंतायचे. वास कसा सांगू? आंबलेलं ताक आन् रक्त एकत्र तापवल्यावर येईल तसा. मी परसात जाऊन सकाळची पुरणाची दिंडं सगळी ओकले. तुला त्याचं काही न्हाई. तू मडक्यात बोट फिरवत बसलीस. एक किडा बोटाच्या टोकावर उचलून उन्हाकडं धरलास. "पीळ बघ की कसा हाय, तांबडा आन् पांढरा. दोऱ्याला द्यावा तसा. ह्यानंच चांदीच्या लेकीचं रक्त पिलंय." चांदी म्हंजे तुझी म्होरकी मेंढी. तिच्यावर तुझा जीव माझ्यापेक्षा जास्त होता, ह्यावरून बी आपलं दोनदा वाजलं होतं.

त्याच हातांनी तू दुपारी भाकरी थापायला बसलीस. राखेनं तीनदा हात धुतलेस, मी मोजलं. तरी परातीतलं पीठ तुझ्या बोटांखाली वळायला लागलं आन् माझ्या घशाशी परत आलं. तू ताट पुढं सारलंस. मी म्हणाले, "माझा आज सोमवार हाय."

"बुधवारी?"

"मागचा चुकला होता. तो आज धरलाय."

तू माझ्याकडं जरा बघितलंस आन् ताट मागं ओढून स्वतःच जेवलीस. तेव्हापासून मी जेव्हा जेव्हा तुझ्या घरी आले, माझा उपास. एकादशी, चतुर्थी, सोळा सोमवार, काही न्हाई सापडलं तर पोटात गुबारा. शेजारच्या निंगव्वाला तू हसत हसत सांगायचीस, "आमच्या मास्तरणीला आठवड्यात सात सोमवार असतात." मला राग यायचा. पण मी यायची म्हटलं की तू भुईमुगाच्या शेंगा काढून ठेवायचीस. शेंगाच, दाणे न्हाई. टोपली पुढ्यात ठेवून म्हणायचीस, "तुझ्या तू फोडून खा." मला वाटायचं, किती आळशी बाई, बहिणीला दाणे सोलून द्यायला होत न्हाई हिला.

तू ते किडे मडक्यात घालून, वर फडकं बांधून, डोक्यावर घेऊन चालत हुमनाबादला गेलीस. सरकारी ढोरांचा डॉक्टर, ज्याला सगळी मोगलाई सलोत्री म्हणते, त्याच्यापुढं मडकं ठेवलंस. त्यानं आयुष्यात अशी बाई बघितली नसणार. आठ दिवसांनी तो स्वतः टांग्यानं दुबलगुंडीला आला. मी अजून इथंच होते. त्यानं मेंढरांच्या पापण्या ओढल्या, लेंड्या बघितल्या, आन् तुला समजावलं की किड्यांची अंडी लेंडीतून पडतात, पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात, मेंढरू गवताबरोबर त्यांना गिळतं. तू कपाळाला हात लावलास. जिथं कळप बसवला तिथंच पावसात चारायला फिरवत होतो की आपण. मग तो तुझं मन राखायला म्हणाला, "अम्मा, तुम्हारे भेडांच का नसीब खराब नै. सबको होते ये कीडे. समंदर में जहाज के बराबर मछली रहती, उसके पेट में भी रहते. किताब में तसवीर देखा मैं."

झालं. बिमारी राहिली बाजूला, तू त्या देवमाशाच्या मागं लागलीस. केवढं पोट? किती कप्पे? फाडलं कुणी, कशानं? सलोत्री हसायला लागला. तो गेल्यावर आपलं भांडण जुंपलं ते जुंपलंच. मी म्हणाले, खाऱ्या पाण्यात किडे जगतील कसे? जळवेवर मीठ टाकलं की मरते, हे लेकराला बी कळतं. तू म्हणालीस, किडा काय पाण्यात राहतोय? तो पोटात राहतोय, पोट काय खारं असतंय? मी म्हणाले, समुद्र पितो की मासा. तू म्हणालीस, तू पाहिलास व्हय पिताना? दोघींनी बी समुद्र पाहिला न्हाई, हुमनाबादचं तळं हेच आपलं सगळ्यात मोठं पाणी. आन् मग तू एकदम भांडण सोडलंस. म्हणालीस, "एवढं मोठं जनावर. ह्याला औषध कोण पाजायचं गं?"

मला त्या बिचाऱ्याची कणव आली न्हाई. मला दिसलं ते एवढंच, की मेंढराच्या ओंजळभर पोटात एवढे, तर त्याच्या पोटात किती. मी परत परसात गेले.

आता ते सांगते, जे नऊ वर्षं सांगितलं न्हाई.

सलोत्रीनं जाताना निळ्या खड्यांची पुडी दिली. तो नीलाथोता म्हणायचा, आपण मोरचूद म्हणतो. कळप संध्याकाळपासून उपाशी ठेवायचा, औषध पाण्यात कालवायचं, सकाळी बांबूच्या नळकांड्यानं मापून पाजायचं. आन् दोनदा बजावलं, "मट्टी का बर्तन. लोहा नक्को." दोन्ही वेळा मी ऐकलं. मला वाटलं, पूजेला जशी लोखंडाची विळी चालत न्हाई, तसं ह्याचं बी काही सोवळं असंल. सोवळ्यातलं मला लई कळतं, असा माझा समज.

तू मेंढरं कोंडायला गेलीस आन् मला म्हणालीस, "मडक्यात कालवून ठेव, तोवर येते मी." घरात रुंद तोंडाचं मडकं एकच. तेच. तू ते राखेनं घासलं होतंस, उकळत्या पाण्यानं विसळून दोन दिवस उन्हात पालथं घातलं होतंस. मी त्याच्याजवळ गेले. आत बघितलं. काही नव्हतं आत. पण मला ते हलताना दिसलं. मला त्यात हात घालवेना, अक्का. भिंतीला लोखंडी घमेलं टेकवलेलं होतं, कोरडं, स्वच्छ. मी त्यात पाणी ओतलं आन् पुडी सोडली. काय सुरेख निळं झालं पाणी. वर टोपलं झाकून ठेवलं. सकाळी तू उठायच्या आत ते मडक्यात ओतलं, म्हंजे तुला कळायला नको. ओतताना बघितलं तर निळं कुठं गेलं होतं, पाणी हिरवट, मळकट. आन् घमेल्याच्या आतून तांबडा थर चढलेला. घासला तर निघेना. मी घाबरून ते घमेलं उकिरड्यात पुरलं.

तू मडक्यात डोकावून म्हणालीस, "फिकं दिसायलंय गं."

मी म्हणाले, "पाणी जास्त पडलं असंल."

साठच्या साठ मेंढरांना तू एकेक करून ते पाजलंस. दोन गुडघ्यांत मान धरायची, जबडा वर करायचा, नळकांडं गालात. दुपारपर्यंत तुझे हात भरून आले. मी ओसरीवर बसून शेंगा फोडायले होते.

दसऱ्याला साठातली एकोणतीस उरली. चांदी गेली. मी तेव्हा कल्याणीला होते, निरोप आला तेव्हा जेवण चाललं होतं. दिरांनी चावडीत सांगितलं, बाईच्या हाती कळप असाच जाणार. काट्यानं टोचणाऱ्यांनी म्हटलं, बघा, आमची निदान अर्धी तरी नारळावर वाचली. ज्यांना तू पटवलं होतंस की सलोत्रीला दाखवा, ते तुझ्या तोंडावर हसले. त्या साली तुझा कळप कुणी शेतात बसवून घेतला न्हाई. तू वेशीत उभी राहून सलोत्रीला शिव्या दिल्यास, असं निंगव्वा सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात तोच सलोत्री कल्याणीला आला. सरकारी उर्दू पत्रक मराठीत करून घ्यायला ह्यांच्याकडं बसला होता. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "दवा बराबर थी, बहन. समझ में नै आता." मग सहजच म्हणाला की लोखंडात कालवलं तरच ती बिघडते, दवेतलं तांबं सगळं लोखंडाला चिकटतं, राहतं ते नुसतं घाण पाणी. माझ्या हातातला तांब्या खाली पडला. हे म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, ओला होता, निसटला.

तुला सांगायला मी तीनदा निघाले. एकदा तर हुमनाबादपर्यंत ते वाक्य पाठ करत आले. तू दारातच म्हणालीस, "त्या सलोत्रीच्या निळ्या पाण्याचं नाव काढू नको. माझा कळप वाचवला तो पळसपापडीनं." आन् खरंच, कळप सुधारायला लागला होता. पळसाच्या बियांनी एवढं होतं का, मला शंका होती. पण माझी सुटका होत होती, मग मी कशाला खोदून विचारते? मी बी म्हणाले, "व्हय व्हय, सरकारी औषधं म्हंजे नुसता देखावा." नऊ वर्षं आपण दोघी मिळून त्या भल्या माणसाला नावं ठेवत राहिलो. तू ठेवायचीस आन् मी री ओढायची. मला किड्यांची किळस येते, पण ते 'व्हय व्हय' आठवलं की त्याहून जास्त येते.

परवा तुझे दीर आले. म्हणाले, बेचाळीस मेंढरं हायत, सांभाळणारं कुणी न्हाई, गिऱ्हाईक बघतो. मी म्हणाले, दिवस होऊ द्या आधी. हे गेल्यापासून कल्याणीच्या घरात मी एकटीच सारवते आन् एकटीच त्यावर चालते, मला घाई न्हाई. मग काल एक पाठ, तरणी मेंढी, मेली. निंगव्वानं तिची पापणी ओढून दाखवली. पांढरी.

"अक्का असती तर आज पाजलं असतं," निंगव्वा म्हणाली.

"काय, पळसपापडी?"

निंगव्वानं माझ्याकडं बघितलं, मग वर, आढ्याकडं बघितलं. "पळसपापडी कामून? निळं पाणी. दर श्रावणात पाजायची की. तुमी यायच्या आत उरकायचं असायचं तिला."

"माझ्या आत कामून?"

"म्हणायची, मास्तरणीला त्या रंगाचं वाईट वाटतं."

आढ्याला शिंकं होतं, शिंक्यात ते मडकं. मी स्टुलावर चढून काढलं. त्याच्यावर झाकण म्हणून पालथं घातलेलं लोखंडी घमेलं. आतून तांबडं, जसं मी पुरलं होतं तसंच. उकिरडा तूच उपसायचीस दर वर्षी, हे माझ्या ध्यानातच कधी आलं न्हाई. मडकं आतून काठापर्यंत निळं झालेलं. नऊ श्रावणांचं निळं.

सलोत्रीला घमेलं दाखवून विचारलंस, का तुझं तूच ओळखलंस? त्याच वर्षी कळलं, का पुढच्या? आता कुणाला विचारू? मला आधी रागच आला तुझा. एकदा केस धरून विचारायचं होतंस, "कामून केलंस गं असं?" मी रडले असते, पाया पडले असते, मोकळी झाले असते. तू मला खोटं सांभाळू दिलंस आन् वर तुझं एक खोटं त्याला टेकू दिलंस. एकतीस मेंढरं मारणाऱ्या बहिणीसाठी शेंगा काढून ठेवत राहिलीस. आन् सोलत का नव्हतीस, तेबी काल कळलं. तुझा हात लागला तर मी खाणार न्हाई, हे तुला ठाऊक होतं. सगळंच ठाऊक होतं तुला, आन् मी तुला अडाणी समजत होते.

आज सकाळी मी पाठ फाडली. खोटं कशाला बोलू, पदर नाकाला बांधला होता, आन् निंगव्वा सांगत होती, "हा पहिला, हा दुसरा." चौथा चिरला, पालथा केला, झटकला. पाणी हललं. ते तसेच होते, अक्का, तांबडा-पांढरा पीळ दिलेले, अंगावर काटा आणणारे. तुला त्यात काय बघण्यासारखं वाटायचं, मला आजबी कळलं न्हाई. मी ओकले, चूळ भरली, परत येऊन बसले. किडे विस्तवावर टाकले. मडकं घासलं, उकळतं पाणी घातलं, आन् तुझ्या फडताळातली पुडी त्यात सोडली. रिकाम्या मडक्यात मला अजून ते हलताना दिसत होते. हात घातला तरी. ढवळलं.

मेंढरं कालपासून कोंडून उपाशी ठेवलेली होती. एकेचाळीस. दोन गुडघ्यांत मान धरायला मला जमेना, चौथ्या मेंढीनं मला लोळवलं, निंगव्वा पोट धरून हसली. माप मात्र चुकवलं न्हाई. मधेच तुझा देवमासा आठवला. त्याच्या पोटात किडे असतील, मानते मी. भांडण तू जिंकलीस. पोट काय खारं नसतंय, बरोबर. त्याला औषध कोण पाजायचं, ते मात्र मला बी सांगता येत न्हाई.

दिरांना निरोप पाठवला, गिऱ्हाईक आणू नका. किती दिवस टिकेन, ठाऊक न्हाई. हाताचा वास अजून गेलेला न्हाई, लिहिताना कागदापेक्षा हातच जास्त हुंगायलेय.

दुपारी राखेनं हात धुतले, तीनदा. तुझी परात घेतली, पीठ मळलं, त्याच हातांनी भाकर थापली. निंगव्वा म्हणाली, "बाई, आज श्रावणातला सोमवार हाय." खरंच होता, अक्का. मी जेवले.